तीस गाठी

दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, आणि मधल्या ताणलेल्या दोऱ्यावर दोन्ही हातांनी भराभर गाठी. झालं की तो दोरा समोरच्या बाईच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "मोजी दखाड." मोजून दाखव. मावशी म्हटलं की मला आधी हेच दिसतं. दातात दोरा असताना कुणी मध्ये बोललं तर शिवीसुद्धा दातांतूनच यायची, त्यामुळे ती कुणाला नीट कळायची नाही आणि कुणाला रागही यायचा नाही.

नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो, मोठे डॉक्टरही. तुमच्याही ओळखीच्या दवाखान्यात अशी एक मावशी असेलच. कागदावर सफाई कामगार, तीही ठेक्यावरची. प्रत्यक्षात अर्धा विभाग तिच्या जिवावर चालतो, आणि हे ती रजेवर गेली की मगच सगळ्यांच्या लक्षात येतं.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. कुठल्या, ते राहू द्या. आमचा विभाग नवजात बाळांचा. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, किलोच्या आतबाहेरची बाळं. मी नगरकडची. नोकरीसाठी इथे आले तेव्हा इथली एकही बोली मला कळत नव्हती. सपाटीवरच्या बायका अहिराणी बोलायच्या, धडगावकडच्या डोंगरातल्या बायका पावरी, आणि माझं शाळेतलं मराठी ऐकून दोघी सारख्याच गप्प बसायच्या. मावशी प्रकाशाजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचे वडील डोंगरातल्या बाजारांत मीठ-मिरची विकायचे, त्यांच्याबरोबर हिंडून मावशी पावरी शिकल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत. पहिल्याच दिवशी माझ्याकडे खालून वर बघत म्हणाल्या, "शिष्टर, तुले काहीच समजत नही ना? मंग मन्हा तोंडकडे दखत जा." पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे बघतच काम केलं.

आमच्याकडे बाळांना नावं नसतात. अमकीचं बाळ, तमकीचं बाळ, एवढंच पायातल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मावशींना ते पसंत नव्हतं. त्या प्रत्येकाला जन्माच्या वजनानं हाक मारायच्या. "अकराशे, रडू नको, तुन्ही माय यी ऱ्हायनी." "नऊशेदहा, बाप्पा, आज दूध पचाडं का?" पुढे बाळ दोन किलोचं झालं तरी हाक तीच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोठेन निंघनं ते याद ऱ्हावाले जोयजे." कुठून निघालो ते लक्षात राहायला हवं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

मोजण्याचं त्यांना वेडच होतं. नवीन आलेले एक डॉक्टर बाळाचे श्वास पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचे. सगळेच तसं करतात. मावशी लादी पुसता पुसता थांबल्या. "डॉक्टरसाहेब, पुरा मिनिट मोज. ते काय पाव मिनिट जगाले उनं शे का?" पाव मिनिट जगायला आलंय का ते? डॉक्टर तापले. पण पुढच्या बाळाचे श्वास त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजले, आणि पुढे कायमच तसे मोजले.

आणखी एक सांगते. तापीकाठच्या गावचे एक मोठे बागायतदार होते, केळीवाले. त्यांच्या सुनेला जुळं झालं, दोन्ही किलोभराची. सुनेच्या छातीवर एक बाळ, मग दुसऱ्याला ऊब कोणी द्यायची? मुलगा लाजून पळाला होता. मावशींनी थेट सासऱ्यांना गाठलं. "कपडा काढा, काका." साठीचा माणूस, पांढरी टोपी, गावात शब्दाला मान. ते म्हणाले, "अहो बाई, हे माझं काम आहे का?" मावशी म्हणाल्या, "केळीना घड छातीले धरीसन गाडीमा ठेवतस ना? दाग पडू देतस का? तशेच धरा." काका चार दिवस उघड्या अंगानं खुर्चीत बसून होते, छातीवर नातू, वरून शाल. पाचव्या दिवशी घरची माणसं न्यायला आली तर उठेनात. मावशी दारात कमरेवर हात ठेवून हसत होत्या.

आता गाठींचं सांगते, कारण सगळं तिथेच येतं.

बाळ घरी सोडताना आम्ही एक कार्ड देतो. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते, लाल शाईनं गोल केलेली. मी मोठ्या हौसेनं गोल करायचे. डोंगरातल्या बाया ते कार्ड जपून नेत, पिशवीत, देवाजवळ, आणि दहाजणींत सातजणी भलत्याच दिवशी येत. मी चिडायचे. मावशी एक दिवस म्हणाल्या, "तू त्यासले कागद देस. त्यासना घर कोन वाची?" मग त्यांनी त्यांची पद्धत काढली. खरं तर काढली नाही, डोंगरात पूर्वी लग्नाचं आमंत्रण असंच जायचं म्हणे. जितके दिवस बाकी, तितक्या गाठी. रोज सकाळी एक सोडायची. दोरा सरळ झाला की निघायचं. एरवी त्या बाया बाजाराच्या दिवसावरून हिशेब करतात. पण ऊसतोडीला परमुलखात गेलं की बाजारही सुटतो आणि वारही. गाठ सुटत नाही.

दोरा कसला, तर नाळ बांधायचा. प्लास्टिकचे चिमटे आल्यापासून त्या दोऱ्याची रिळं कपाटात पडून होती. मावशींनी ती ताब्यात घेतली. मी दिवस सांगायचे, त्या गाठी मारायच्या, बाईला मोजायला लावायच्या आणि मनगटात बांधून द्यायच्या. आणि बाया येऊ लागल्या, अगदी ठरल्या दिवशी. मोठे डॉक्टर बैठकीत सांगायचे की आमच्या विभागाचं फेरतपासणीचं काम सुधारलंय. दोऱ्याचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

एका हिवाळ्यात सातशेवीस आली.

पावरा आई, पहिलटकरीण, जेमतेम सहा महिने भरलेले. घाटातच, गाडीत, मुलगी झाली. सकाळी दहाच्या सुमारास तिला आत आणलं तेव्हा मला वाटलं नुसतं फडकंच आणलंय. सातशेवीस ग्रॅम. एवढ्या लवकर आलेलं बाळ आमच्याकडे वाचलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. डॉक्टर हळूच म्हणाले, आशा धरू नका. कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढली की कातडीही तिच्याबरोबर यायची. मग मावशींनी नाळेचा दोरा पुढे केला, आणि नाकातली नळी आम्ही दोऱ्यानं बांधली. डोळे तर उघडलेलेच नव्हते. पापण्या चिकटलेल्या, मांजराच्या पिलाच्या असतात तशा.

अशा बाळाला ऑक्सिजन द्यावाच लागतो. कमी दिला तर जीव जातो, आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या आतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. म्हणून मोजून द्यायचा. आमचं ते मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, दुसरं यायचं होतं. आम्ही अंदाजानं दिला. दुसरं काय करणार होतो, सांगा.

नवव्या दिवशी मी औषधं काढत होते आणि मावशी ओरडल्या, "शिष्टर! सातशेवीसना डोया उघडनात! दख, मन्हाकडेच दखी ऱ्हायनी!" खरंच, दोन काळे बारीक डोळे. आई काचेला नाक लावून उभी. दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून गूळ-शेंगदाणे आणले आणि विभागभर वाटले, डॉक्टरांना, पहारेकऱ्याला, शेजारच्या खाटांवरच्या बायांना. डोळे उघडल्याचा गूळ. मीही खाल्ला. आज त्याची चव आठवली तरी तोंड कडू होतं.

ती जगली. कशी जगली ते मला अजून नीट सांगता येत नाही. दोनदा श्वास थांबला, दोनदा आला. आई थेंब थेंब दूध काढायची. तिला ताप आला तेव्हा आठवडाभर मावशीच दुपारी झाडू ठेवून, हातपाय धुऊन, पोरीला छातीशी धरून बसायच्या. रोज सकाळी काट्यावर ठेवलं की सगळ्या बाया भोवती जमायच्या. वजन किलोला पोचलं त्या दिवशी एक वार्ताहर आला. फोटो छापून आला, मोठे डॉक्टर, मी, बाळ आणि आई. मावशी त्या वेळी मागे झाडू मारत होत्या. फोटोत त्यांचा फक्त झाडू दिसतो.

डोळ्यांचे डॉक्टर आमच्याकडे कायमचे नाहीत. दुसऱ्या शहरातून पंधरा दिवसांनी येतात. पहिल्या तपासणीत म्हणाले, बघू, अजून कोवळं आहे. दुसऱ्यांदा आले तेव्हा सातशेवीस अडीच महिन्यांची होती, आणि नेमका त्याच दिवशी तिला घरी सोडायचं होतं. खाटा भरलेल्या, एकेका गादीवर दोन-दोन बाळं. बाप दारात उभा, ऊसतोडीची टोळी त्याच्यासाठी थांबलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पोरीचे डोळे बराच वेळ पाहिले. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "सिस्टर, सात दिवसांत हिला माझ्याकडे शहरात पाठवा. लेझर करावं लागेलसं दिसतंय. सात म्हणजे सात, हं." मी हो म्हटलं. चिठ्ठी एप्रनच्या खिशात ठेवली. त्याच क्षणी पलीकडच्या गादीवरचं बाळ निळं पडलं, आणि मी धावले.

ते बाळ वाचलं, हेही सांगायला हवं. तासाभरानं घामानं निथळत मी टेबलाशी आले तर समोर सोडायच्या बाळांचे कागद, आणि जमिनीवर मावशी, दोऱ्याचं टोक दातात.

"सातशेवीसले किती?"

"वजनाला महिन्यानं," मी म्हणाले. "तीस."

त्यांनी दातातला दोरा काढला. हे मला पक्कं आठवतं. विचारायचं असलं की त्या दोरा काढायच्या. "आनि तो डोयावाला काय बोलना?"

मी कागदावर सही करत होते. मान वर केली नाही. "तेही त्याच दिवशी होईल," मी म्हणाले.

बस. एवढंच. कुणी विचारलं तर मी काय सांगू की मला असं का वाटलं? वाटलंच नव्हतं काही. तोंडाला सवय होती, तोंड बोललं. मावशींनी तीस गाठी मारल्या. आईनं पावरीत मोजून दाखवल्या, एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मावशींनी दोरा तिच्या मनगटात बांधला, पोरीच्या कपाळाला बोट लावून स्वतःच्या ओठांना लावलं आणि म्हणाल्या, "जाय, सातशेवीस. मोठी व्हय."

चिठ्ठी मला पाचव्या दिवशी सापडली. सुट्टी होती, एप्रन भिजत घालताना खिसे उलटे केले तर ती. त्यावरचा सात आकडा बघून एप्रन तसाच बादलीत टाकला. बापाचा फोन लावला, बंद. तशीच मावशींच्या घरी गेले. त्या अंगणात बाजरी पाखडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुले मी इचारं होतं ना व माय," एवढंच म्हणाल्या. मग, "मोठा डॉक्टरले सांग. आत्ताच सांग."

मी म्हणाले, "आधी शोधू. सापडली तर कशाला उगीच."

मी भ्यायले होते. नोकरीत कायम होऊन दोनच वर्षं झाली होती. तेव्हाच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी चार ठिकाणी फोन फिरवले असते, कुणीतरी टोळी शोधलीही असती. पण मला माझी चूक झाकायची होती. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

मावशी दुसऱ्या दिवशी निघाल्या. एसटी, मग जीप, मग पायी. पाड्यावर झोपडीला काट्यांची फांदी लावलेली. शेजारीण म्हणाली, कारखान्यावर गेले. कुठल्या, माहीत नाही. मावशी परत उतरल्या आणि पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला गेल्या, उसाच्या फडांकडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या असतात तिथे. दोन दिवस त्या कोपी-कोपीतून विचारत फिरल्या, लहानशी पोर छातीशी बांधलेली बाई कुणी पाहिली का. कुणीतरी सांगितलं, ती टोळी गुजरातेत गेली. मुकादमाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी मावशी कामावर आल्या, टाचा फुटलेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. पण चिठ्ठीचं जसं मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तसं त्यांनीही सांगितलं नाही. "तू सांगशी," एवढं एकदा म्हणाल्या. आज सांगेन, उद्या सांगेन, असे माझे दिवस गेले. तिकडे गुजरातेत कुठल्या तरी फडाच्या कडेला रोज सकाळी एक गाठ सुटत होती.

तिसाव्या दिवशी सकाळी ती आली. गुजरातेतून, नवऱ्याला फडावर सोडून, एकटी, तीन गाड्या बदलून. पोरीला नवं झबलं, आईच्या डोक्याला तेल. आल्या आल्या तिनं मनगट पुढे केलं. दोरा सरळ, काळा पडलेला, एकही गाठ नाही. मावशी तिच्या भाषेत काहीतरी बोलल्या, मग माझ्याकडे वळून, कसलाही आवाज न चढवता, त्यांनी मला ते अहिराणीत सांगितलं. मुद्दाम सांगितलं, असं मला वाटतं. "ती सांगी ऱ्हायनी, एक दिवस ताप व्हता, तरी गाठ सोडी. एक दिवस दोन सोडाना मोह व्हयना, लवकर येवासाठे. पन नही सोडी." मोह झाला, पण जास्तीची सोडली नाही.

पोरगी अडीच किलोची झाली होती. काट्याभोवती बाया जमल्या, हसल्या. मी टॉर्च काढला. डोळ्यांसमोर नेला, डावीकडे, उजवीकडे. पोरगी हसत होती, माझ्या आवाजाकडे तोंड करून. बाहुलीच्या आत पांढुरकं दिसत होतं. मावशींनी माझ्या हातातला टॉर्च घेतला, स्वतः बघितलं, आणि बंद केला.

तिला शहरात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही पडदे सुटले आहेत, आता काही होणार नाही. मग त्यांनी फोनवर आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मी चिठ्ठी दिली होती, तिचं काय झालं?

झाली चौकशी. फोटो छापून आलेलं बाळ, त्यामुळे वरून एक साहेब आले. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत साहेब, डॉक्टर, मी, आणि दाराशी उभ्या मावशी. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. साहेबांनी मला विचारलं, "आईला तारीख कोणी सांगितली?"

मी म्हणाले, "त्या बायकांना निरोप द्यायचं काम मावशींकडे असतं. भाषेमुळे."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. मी घरून तयार करून आणलं होतं ते वाक्य.

"तुम्ही काय सांगितलं होतं?" साहेबांनी मावशींना विचारलं.

"तीस गाठी बांध्यात."

"गाठी?" साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घाईघाईनं सांगितलं की ही काहीतरी यांचीच पद्धत आहे, विभागाची नाही. साहेब म्हणाले, "सरकारी दवाखान्यात हा काय अडाणीपणा? तीस कोणी सांगितलं तुम्हाला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत होते. त्यांनी किती वेळ पाहिलं ते मला माहीत नाही. मोजायला हवं होतं, पुरा मिनिट झाला असेल.

"गाठी मन्हा हातन्या शेत," त्या म्हणाल्या. "मीच बांध्यात."

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराला सांगितलं गेलं की या बाईला पाठवू नका. दोऱ्याची रिळं कचऱ्यात गेली. भिंतीवर सूचना लागली, पुढील तारीख फक्त कार्डावर लेखी द्यावी. वाचता येणाऱ्यांनी ती वाचली.

मी फाटकाशी त्यांना गाठलं. डब्याची पिशवी, चपला आणि एक जुना टॉवेल, एवढं त्यांचं सामान. मी रडत म्हणाले, "मावशी, तुम्ही का नाही सांगितलं माझं नाव?" मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. माया वगैरे काहीतरी.

त्या म्हणाल्या, "तू गयी तर त्या पोरेसले सुई कोन लावी? त्यासनी नस तुलेच सापडस. माले झाडू कोठेबी भेटी." मग पदरानं तोंड पुसलं. "पन माले तोंड दखाडू नको, शिष्टर."

मी नाही दाखवलं. सात वर्षं. प्रकाशाच्या रस्त्यानं गेले तरी एसटीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. विभागात आता ऑक्सिजन मोजायचं यंत्र नीट आहे, डोळ्यांचे डॉक्टर दर आठवड्याला येतात. सहाशे ग्रॅमची बाळंही वाचलेली पाहिली मी. मला एकदा उत्तम परिचारिका म्हणून नारळ, शाल मिळाली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं की मावशी वारल्या. आठ दिवस मी नुसतंच टाळलं, मग दारावर गेले. इकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला असंच म्हणतात. अंगणात बाया बसलेल्या. त्यांच्या सुनेनं मला ओळखलं नाही, पाणी दिलं. आणि कोपऱ्यात मला ती दिसली, सातशेवीसची आई. टोळी या वर्षी त्याच गावच्या शिवारात उतरली होती. मांडीवर मोठी झालेली पोर. सून म्हणाली, "या दरवर्षी येतात. तोडीला जाताना एकदा, परतताना एकदा. आत्याबाई वाट बघायच्या. सातशेवीस कवय यी, सातशेवीस कवय यी."

पोरीच्या हातात दोरा होता. लांब, गाठीगाठींचा. बोटांनी एकेक गाठ चाचपत ती पुटपुटत होती. सून म्हणाली, आत्याबाईंनीच शिकवलं, शंभरपर्यंत येतं तिला. आकडे सगळे अहिराणीत.

आईनं मला ओळखलं. धडपडत उठली आणि एकदम माझ्या पायांवर डोकं ठेवलं. ती आता मोडकं मराठी बोलते. "सिस्टर, तू हिला जगवली," ती म्हणाली. "तुझे उपकार." मग मावशींच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून तिनं डोळे पुसले. "मावशी गाठी चुकली. ती मला बोलली, पहिल्या सालीच, माझ्या पाया पडून बोलली. माझ्या हातून चुकलं, पोरी. मी तिला माफ केलं."

म्हणजे साहेबांसमोर जे बोलल्या ते त्यांनी या बाईसमोरही निभावलं होतं. सात वर्षं. माझी चूक डोक्यावर घेऊन त्या हिच्या पाया पडल्या, आणि हिनं त्यांना माफही करून टाकलं होतं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. अंगणात पंधरावीस बाया होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, त्या पोरीला वाचवणारी सिस्टर म्हणून. पोर आईच्या मांडीवरून उतरून आवाजाच्या अंदाजानं माझ्याजवळ आली. माझ्या साडीला हात लावून तिनं दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मोजी दखाड."

मी मोजलं. पोर माझ्या मागोमाग प्रत्येक गाठीवर बोट ठेवत होती. मोजून झालं, दोरा परत दिला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

घरी येऊन हे सगळं लिहून काढलं. एकही गोष्ट गाळली नाही, चिठ्ठी, खिसा, तीस, साहेब, सगळं कागदावर आहे. त्या पोरीच्या आईला वाचता येत नाही. पोरीला दिसत नाही.